दोन व्हीलसेट, एक चेन
सायकलची चेन ताणली जात नाही, झिजते. पिना व त्यांच्याभोवतीच्या आतल्या पट्ट्या झिजल्या की दोन पिनांमधले १२.७ मिलिमीटरचे अंतर वाढते आणि कॅसेटचे दातेही त्याच मापाने झिजत जातात. म्हणून व्हीलसेट आलटून पालटून वापरताना पंचाईत होते: झिजलेली चेन नव्या कॅसेटचे दाते खाते, तर नवी चेन झिजलेल्या कॅसेटवर जोर लावताच उड्या मारते, विशेषतः लहान चक्रांवर.

झीज साध्या पट्टीनेही मोजता येते. चोवीस कड्यांची लांबी ३०४.८ मिलिमीटर असते. ती दीड मिलिमीटरने वाढली की झीज अर्धा टक्का झाली. अकरा-बारा गिअरच्या सायकलीत चेन तेव्हाच बदलावी, म्हणजे दोन्ही कॅसेट वाचतात. एक चाक क्वचितच वापरात असेल, तर त्याच्यासाठी वेगळी चेन ठेवून क्विक लिंकने बदलावी.