शेजाऱ्यांचं किती ऐकायचं

मेंदूच्या एमआरआय स्कॅनमधून तीन गोष्टी वेगळ्या काढणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम: करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूतलं पाणी. टी-वन चित्रात पाणी काळं, पांढरा भाग उजळ, करडा मधला. पण करड्या सालीची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी सरासरी अडीच मिलिमीटर, आणि आमचा व्होक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठोकळा, बहुधा एक मिलिमीटरचा. दोन-तीन ठोकळ्यांत सगळा हिशेब. त्यात नॉइजचे दाणे पडले की एकट्या ठोकळ्याच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही.

मग शेजाऱ्यांना विचारायचं. आजूबाजूला सगळं पांढरं असेल, तर मधला करडा दाणा बहुधा नॉइजच. ज्युलियन बेसाग यांनी १९८६ मध्ये ‘मळक्या चित्रां’वरच्या निबंधात हा विचार गणितात बसवला, २००१ मध्ये झांग, ब्रेडी आणि स्मिथ यांनी तो मेंदूच्या स्कॅनसाठी वापरला. शेजाऱ्यांच्या मताला किती वजन द्यायचं, तो आकडा म्हणजे बीटा.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा ब्रेनवेब हा संगणकानं घडवलेला मेंदू आहे. त्यातला कुठला ठोकळा कशाचा, हे आधीच ठाऊक असतं. त्याच्या ९ टक्के नॉइजच्या स्कॅनवर एका रात्री मी बीटा वाढवत गेले. दाणे विरले, चित्र सारवलेल्या अंगणासारखं झालं, अचूकतेचा डाइस आकडाही वर चढला. मी खूश. मग एक स्लाइस मोठी करून पाहिली. सालीच्या दोन घड्यांमधल्या खाचेत पाण्याची एका ठोकळ्याएवढी रेघ असायला हवी होती. ती नव्हती, घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बिचारी रेघ आधीच कमकुवत: त्या ठोकळ्यात थोडी साल मिसळलेली, शिवाय एमआरआयच्या चित्रात शून्याखाली काही नसल्यामुळे नॉइज काळ्या पाण्याला उजळच करतो. त्यावर दोन्हीकडचे शेजारी करडे. लाखो ठोकळ्यांत अशा थोडक्यांची डाइस काय दखल घेणार?

पण अल्झायमरमध्ये साल पातळ होते, खाचा रुंदावतात. डॉक्टरांना मोजायचं असतं ते नेमकं हेच. म्हणून मी बीटा कमी ठेवते आणि दाणे राहू देते. दाणा डोळ्याला दिसतो; बुजलेली खाच दिसत नाही. २०१५ मध्ये यू-नेट हे न्यूरल नेटवर्क आलं, शेजाऱ्यांचं किती ऐकायचं हे ते उदाहरणांवरून स्वतःच शिकतं. त्याचाही निकाल आला की मी आधी खाचा उघडून बघते.

या कामात नव्यानं येणाऱ्यांना माझी एकच विनंती: डाइसचा आकडा पाठवाल तेव्हा सोबत सर्वांत अरुंद खाचेची स्लाइसही पाठवा.