कुळें स्थानकावरील खोळंबा

आम्ही इंदूरच्या अन्नपूर्णा भागातले. पण कुलदैवत गोव्यात, तेव्हा मंगेशीची वारी चुकत नाही. पुण्याहून गोवा एक्स्प्रेस धरावयाची आणि परतताना कुळें स्थानकात, गाडीस मागून जादा इंजिने जोडीपर्यंत, ताटकळावयाचे. घाटाचा चढच सदतिसास एक! या मार्गावर दुसरा रूळ पडणार असे ऐकून मला आनंदच झाला, हे कबूल केले पाहिजे.

माझा मावसभाऊ मात्र विरोधकांत. कोळशाच्या वाहतुकीसाठीच हा खटाटोप, असे त्या मंडळींचे म्हणणे. मी ते हसण्यावारी नेले, तेव्हा त्याने जुनी आठवण काढली. वकिलीची परीक्षा दिल्यावर आम्ही दोघे याच रुळांच्या कडेने दूधसागरापर्यंत चालत गेलो होतो. (रेल्वेने आता तसे चालण्यास मनाई केली आहे, आणि ते योग्यच.) एका वळणावर गव्यांचा कळप रूळ ओलांडीपर्यंत आम्ही श्वास रोखून उभे राहिलो होतो.

"दादा, त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले काय?" त्याने विचारले.

मी निकालपत्र काढून वाचले. कॅसलरॉक ते कुळें दुपदरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. रेल्वेच नको, असे न्यायालय म्हणाले नाही. अभयारण्यातील जीवसृष्टीवर होणाऱ्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्यास मोकळीक ठेवली. म्हणजे आधी चौकशी, मग परवानगी. आणि मी, रोज हेच कोर्टात सांगणारा, कागद न पाहता निर्णय देऊन बसलो होतो.

भावास तसे लिहून कळविले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: पुढल्या वारीस कुळेंलाच उतरा.