स्टॉकहोममध्ये एका सिंहाच्या मागावर

ऑनसाइट गेलेली मैत्रीण म्हणजे फुकटचं हॉटेल! माझी पुण्याची मैत्रीण स्टॉकहोमच्या किस्तात, आयटीवाल्यांच्या गर्दीत राहते. तिच्या सोफ्यावर पाच रात्री आणि शॉपिंगला फक्त पाचशे क्रोनर, असं माझं बजेट. तेही एका सिंहासाठी राखून ठेवलेलं.

हा सिंह आना पेट्रूसचा (१८८६-१९४९). ही स्वीडिश शिल्पकार. १९२०च्या दशकात तिने कथलाच्या वस्तू घडवल्या आणि सिंह ही तिची जणू सहीच झाली. कथील म्हणजे आपल्या पातेल्यांना कल्हई करतात ना, तेच. त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं घातलं की प्यूटर तयार. चांदीसारखं ते मिरवत नाही. रंग आषाढातल्या आभाळाचा.

पहिला स्टॉप अर्थातच स्ट्रान्दव्हेगन ५. समोर पाणी, बोटी आणि आत 'स्वेन्स्क्त तेन'. नावाचा अर्थ चक्क 'स्वीडिश कथील'! एस्ट्रिड एरिक्सन या ड्रॉइंग शिकलेल्या मुलीने तिशीच्या उंबरठ्यावर, वडिलांच्या वारशाच्या पैशातून १९२४ मध्ये ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक! १९२७ मध्ये दुकान या पत्त्यावर आलं. (तिशीच्या उंबरठ्यावर माझ्याकडे क्रेडिट कार्डचं बिल आहे. असो.)

आना सुरुवातीच्या काळात याच दुकानासाठी डिझाइन करायची. पण आज आत शिरलात तर नजर खेचतात ती योसेफ फ्रांकची रंगीबेरंगी फुलापानांची कापडं. तो इथे आला १९३४ मध्ये. त्याआधीच, १९३०च्या स्टॉकहोम प्रदर्शनाने वारं फिरवलं होतं. सरळ रेषा इन, नक्षीकाम आउट. त्यात बऱ्याच वस्तूंवर ठसा दुकानाचा, बाईंचं नाव नाहीच. मग लक्षात कोण ठेवणार? आता मात्र लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तिचं नाव ठळक छापतात आणि किमती आपल्या पगाराकडे बघून हसतात.

म्हणून रविवारी हेतोर्येत चौक गाठला. एरवी तिथे फळं, भाजी, फुलं. रविवारी जुना बाजार. कथलाची वस्तू दिसली की आधी पालथी करायची, हा माझा फंडा. तळाशी अक्षर आणि आकडा असतो. 'ए ८' म्हणजे १९२७, 'बी ८' म्हणजे १९२८, पुढे असंच चढत जायचं.

एका टेबलावर तो दिसला. छोटा डबा, झाकणावर सिंह. ठसा 'सी ८', म्हणजे १९२९. माझं काळीज धडधडायला लागलं.

"आना पेट्रूस," विक्रेत्या आजी म्हणाल्या. किंमत तीन हजार.

"सही आहे? जुनी पावती?"

आजींनी खांदे उडवले. "सिंह आहे ना!"

"घे गं, मी देते उसने," मैत्रीण कुजबुजली. मी तो डबा दहा मिनिटं हातात धरून उभी होते. सिंह झकास होता. पण तेव्हा सिंह काय एकटी आनाच करत होती? तीन हजारांतले निम्मे तरी तिच्या नावाचे होते आणि ते नाव डब्यावर कुठेच नव्हतं. ठेवला परत. जड हाताने.

शेजारीच एक साधी वाटी होती. 'बी ८', नक्षी नाही, डिझायनरचा पत्ता नाही. साडेचारशे क्रोनर. कडेवरून बोट फिरवलं आणि घेऊन टाकली.

पुण्यात आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि सरळ गॅसकडे निघाली. कथील २३२ अंशांना वितळतं, हे मला ओरडून सांगावं लागलं! आता तीत स्कूटीची किल्ली असते. तो डबा कोणी नेला असेल, हे अजूनही मनात येतं.