थंडीतले डिस्नेलँड : नातवंडांबरोबर पॅरिसला जाताना



हनुक्का जवळ आला की इथे घरोघरी एकच चर्चा सुरू होते. शाळेला सुट्टी, बाहेर पाऊस आणि मुले घरात कंटाळलेली. मग कोणी म्हणते एलातला जाऊ, कोणी म्हणते परदेशी जाऊ. आमच्या ओळखीतली बरीच कुटुंबे पॅरिसजवळच्या डिस्नेलँडला जाऊन आली आहेत. पण सहल ठरू लागली की आजी-आजोबांचा प्रश्न निघतो. "तुम्ही कशाला थंडीत दगदग करता? घरी आराम करा." मुले हे काळजीपोटीच म्हणतात, पण ऐकणाऱ्याच्या मनाला ते लागते. आपण आता ओझे झालो की काय, असे वाटते.

आम्हा दोघांनाही हे ऐकावे लागले. तरीसुद्धा २०२५ च्या हनुक्कात मुलगा, सून, लेक, जावई आणि चार नातवंडे यांच्याबरोबर आम्ही जाऊन आलो. धाकटी नात अडीच वर्षांची, थोरला नातू दहाचा, आणि आमचे हे अठ्ठ्याहत्तरचे! सांगायचे एवढेच की सहलीचा बेत घरातल्या सर्वांत लहान पायांच्या आणि सर्वांत म्हाताऱ्या गुडघ्यांच्या मापाने आखावा. मधल्या मंडळींचे मग आपोआप निभते.

कधी जावे?

हनुक्का दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, हे आधी पाहावे. २०२६ साली पहिली मेणबत्ती ४ डिसेंबरच्या संध्याकाळी आहे, तर २०२७ साली ती २४ डिसेंबरला. डिसेंबरच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या शाळा चालू असतात. नाताळच्या आठवड्यात मात्र सगळा युरोप तिथे लोटतो, आणि गर्दीच्या दिवसांची तिकिटेही महाग असतात. म्हणून हनुक्का लवकर येईल ते वर्ष लहान मुलांसाठी चांगले. शनिवार-रविवार टाळावा. बुधवारही शक्यतो टाळावा, कारण तिथल्या पुष्कळ प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

कसे पोहोचावे?

तेल अवीवहून पॅरिसचे विमान साडेचार-पाच तासांचे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यात परदेशी प्रवाशांचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र काढतात. म्हणून विमानतळावर रांगेसाठी जादा वेळ आणि मुलांसाठी खाऊ, दोन्ही हाताशी ठेवावे.

चार्ल्स द गॉल विमानतळावरून वेगवान आगगाडीने डिस्नेलँडचे स्टेशन सुमारे दहा मिनिटांवर आहे. स्टेशनातून बाहेर पडले की समोरच पार्क! पॅरिस शहरातून येणारी गाडी म्हणजे आरईआर 'ए'. तिला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. या मार्गाला फाटे आहेत, तेव्हा पाटीवर 'मार्न-ला-व्हॅले शेसी' हे नाव असेल तरच गाडीत चढा.

थंडीचा बंदोबस्त

अश्दोदच्या हिवाळ्यावरून पॅरिसच्या थंडीचा अंदाज बांधू नये. डिसेंबरात तिथे दिवसा सात-आठ अंश, रात्री तीनच्या आसपास, वर भुरभुर पाऊस. सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. आम्ही आयुष्यभर नर्सची नोकरी केली, तेव्हा इथे दोन शब्द अधिकाराने सांगतो.

एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे : आत अंगाला बसणारा सदरा, त्यावर लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. बाबागाडीत बसलेल्या मुलाला चालणाऱ्यापेक्षा जास्त थंडी वाजते, कारण त्याची हालचाल होत नाही. त्याच्या मानेला हात लावून पाहावे. मान गार लागली तर ताबडतोब आत न्यावे. हातमोजे दोरीने बाह्यांना अडकवावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी एक हरवतो. प्रत्येकाचे मोज्यांचे दोन जादा जोड पिशवीत असावेत, कारण पाय ओले राहिले तर मूल लगेच गारठते.

म्हाताऱ्यांनी लक्षात ठेवावे की थंडीत रक्तदाब वाढतो. गोळी चुकवू नये. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे सोडू नये. औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत मुळीच टाकू नये, कारण ते गोठले की निकामी होते. तिथेही ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत. व्यापारी नावे प्रत्येक देशात निराळी असतात. मुलांचे वजनही लिहून न्यावे, कारण ताप उतरवणाऱ्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. फ्रान्समध्ये औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. तातडीच्या मदतीसाठी नंबर ११२. प्रवासाचा विमा काढताना जुनी दुखणी लपवू नका, नाहीतर भरपाई मिळत नाही.

उंची घरीच मोजा

बालमित्रांनो, हे तुमच्यासाठी. डिस्नेलँडमधल्या काही गाड्यांत बसायला ठराविक उंची लागते. बिग थंडर माउंटन ही डोंगरातून धावणारी खाणीची गाडी, तिला १०२ सेंटिमीटर. हायपरस्पेस माउंटनला १२०. आम्ही निघण्यापूर्वी सगळ्या नातवंडांना दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने खुणा केल्या. सात वर्षांची नात ११७ भरली. दोन दिवस ती रुसली, पण घरी रुसली. पॅरिसमध्ये दारावरून परत येऊन रडण्याची वेळ आली नाही.

ज्यांना उंचीची अट नाही अशा गोष्टीही तिथे भरपूर आहेत. उडते हत्ती आहेत. पीटर पॅनचे जहाज आहे. घोड्यांचा फिरता पाळणा आहे, अगदी आपल्या जत्रेतला, पण नटवलेला. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'मध्ये नावेत बसून देशोदेशीच्या गाणाऱ्या बाहुल्या पाहायच्या. ही कल्पना मूळ १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी साकारली होती. पॅरिसचे डिस्नेलँड १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले. त्याच्या मधोमध गुलाबी राजवाडा आहे, आणि राजवाड्याखाली तळघरात एक प्रचंड ड्रॅगन झोपलेला असतो. मधूनच तो डोके उचलतो आणि नाकातून धूर सोडतो. आमची अडीच वर्षांची नात त्याला "शूऽ, नीज" म्हणून आली!

मोठ्या गाडीत आई-बाबांना बसायचे असेल तर 'बेबी स्विच'ची सोय विचारावी. एकजण बसून येतो, तोवर दुसरा मूल सांभाळतो. मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

दिवसाची ड्यूटी

आम्ही वॉर्डात लावतो तशी ड्यूटी लावली. सकाळची पाळी दरवाजा उघडल्यापासून एकपर्यंत. मग सर्वांनी हॉटेलवर जेवण आणि झोप. दुसरी पाळी चारपासून दिवे लागल्यावर. मुलांना वाटले वेळ फुकट जातो, पण झोपून उठलेले मूल संध्याकाळी हसते, न झोपलेले रडते. पाऊस आला तर मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या मागून छप्पर असलेले रस्ते आहेत. पुष्कळांना ते ठाऊकच नसतात. बसून कोरडे चालत राजवाड्याच्या चौकापर्यंत जाता येते असे नाही, पण बहुतेक वाट भिजायचे वाचते.

मूल हरवले तर कुठे भेटायचे, ती जागा आधीच दाखवून ठेवावी. मनगटावर आईचा फोन नंबर लिहावा. त्यापुढे देशाचा क्रमांक लिहायला विसरू नये.

खाण्याचे म्हणाल तर युरोपात बाहेरून मांसाचे व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे. आम्ही चिवडा, चकल्या आणि शेंगदाण्याची चिक्की नेली. कोशेर जेवणासाठी एक दिवस पॅरिसच्या मारे भागातल्या 'र्यू दे रोझिए' या जुन्या यहुदी गल्लीत गेलो. हॉटेलच्या खोलीत ज्योत पेटवता येत नाही, म्हणून बॅटरीची हनुक्किया नेली होती. ज्यांना खरी ज्योतच हवी त्यांनी हॉटेलला आधी विचारावे.

भोपळा

आता मुख्य गोष्ट. पार्कच्या दाराजवळ चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. अपंगत्वाचे अधिकृत प्रमाणपत्र असेल तर अग्रक्रमाचे कार्डही देतात. कोणते कागद चालतात ते आधी विचारून घ्यावे. आमचे हे खुर्चीत बसायला तयार होईनात. "लोक काय म्हणतील? मी काय पेशंट आहे?" दिवसाला सात-आठ तास पायपीट, आणि गुडघा तर सुजलेला. इतकी वर्षे पेशंटना खुर्चीत बसवले, पण घरच्या माणसाला बसवणे महाकठीण!

तेव्हा रांगेत उभे असताना आम्ही मुलांना म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगत होतो. नातवंडांची भाषा हिब्रू. मराठी त्यांच्या कानावरून जाते, तोंडात येत नाही. घरी गोष्ट सांगायला बसले तर दोन मिनिटांत पळतात. पण पाऊण तासाच्या रांगेत पळणार कुठे? म्हातारी लेकीकडे जाते, वाटेत वाघ भेटतो, परतताना ती भोपळ्यात बसते. थोरला नातू आजोबांकडे वळून म्हणाला, "साबा, खुर्ची म्हणजे तुझा भोपळा!" झाले. आजोबा हसले आणि बसले. मग चौघेही पाळीपाळीने 'टुणुक टुणुक' म्हणत खुर्ची ढकलू लागले. चार दिवसांत वाघ, लेक, तूप, भोपळा, म्हातारी असे कितीतरी शब्द त्यांच्या तोंडी बसले.

तेव्हा समवयस्क बंधुभगिनींनो, डॉक्टर हो म्हणत असतील तर तुम्ही जरूर जा. मुलगा-सून तिकिटे काढतील, गाड्या शोधतील. रांगेतला वेळ मात्र आपला. तो वेळ भरून काढायला गोष्टी आपल्याजवळच आहेत.

परत आल्यावर शाळा सुरू झाल्या, सगळे आपापल्या कामाला लागले. परवा थोरल्याचा फोन आला. नेहमीसारखा तो हिब्रूत बोलला. ठेवता ठेवता मात्र त्याने चक्क मराठीत विचारले, "आजी, भोपळा कसा आहे?"

भोपळ्याचा गुडघा आता बरा आहे. तुमचाही प्रवास सुखाचा होवो!