पाच धरणांच्या मुलखात

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर मागे पडले की सह्याद्रीची रांग डाव्या हाताला सोबत करू लागते. नारायणगावहून जुन्नरकडे वळावे, तर थोड्याच वेळात शिवनेरी समोर उभा राहतो. पुढे चावंडच्या पायथ्यावरून घाटघरमार्गे नाणेघाट. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आणि जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण तेथे आजही पाहावयास मिळतो. कल्याणच्या बंदरातला माल ज्या वाटेने देशावर चढत असे, तिच्या माथ्यापर्यंत आज रविवारी पहाटे हौशी सायकलपटू पोहोचतात. त्यांत दुकानदार असतात, डॉक्टर, शिक्षक आणि द्राक्षबागाईतदारही.

या वाटांवर पाणी सतत दिसत राहते. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, आरेवर पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे. कुकडी प्रकल्पाच्या या पाच धरणांचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. तरीही येथील अनेक सायकलपटूंना पोहता येत नाही. ट्रायथलॉनचे वेध लागले की ही उणीव प्रथम जाणवते.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे यांची सलग स्पर्धा. १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे तिची सुरुवात झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या आयर्नमॅनची स्पर्धा झाली आणि महाराष्ट्रातील हौशी मंडळींना ही वाट जवळची वाटू लागली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. पोहणे सर्वांत आधी असते, कारण थकलेला माणूस पाण्यात असणे अधिक धोक्याचे. ते सत्तर मिनिटांत पूर्ण झाले नाही, तर सायकलला हात लावण्यापूर्वीच स्पर्धा संपते.

चाळिशी ओलांडलेला, माळशेज चढून आलेला सायकलपटू तलावाच्या उथळ बाजूला प्रथम उभा राहतो, तेव्हा त्याची सारी कमाई निरुपयोगी ठरते. चढावर जोर लावला की सायकल पुढे जाते. पाण्यात जोर लावला की पाय बुडतात. घोटे ताठ, मांड्या जड, मान वर काढलेली आणि श्वास कोंडलेला. पंचवीस मीटरांत छाती भरून येते. शेजारी आठ वर्षांची मुलगी सहज पलीकडे जाऊन परत येते. हा अपमान निमूटपणे गिळणे, हाच या शिक्षणाचा पहिला धडा.

दुसरा धडा श्वासाच्या जमाखर्चाचा. नवशिका श्वास जमा करीत राहतो, खर्ची टाकत नाही. वास्तविक तोंड पाण्यात असतानाच श्वास सावकाश सोडावयाचा असतो. मग मान वळताच नवा श्वास आपोआप आत येतो. काठ धरून बुडबुडे सोडणे, पालथे तरंगणे, भिंतीला रेटा देऊन सरकणे, मग हातपाय मारणे, असा हा क्रम आहे. यात आठवडेच्या आठवडे जातात. एके दिवशी अंग सैल पडते आणि पाणी उचलून धरते.

पूर्वी या खोऱ्यात पोरे विहिरीत पोहणे शिकत. पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचे टोक काठावरच्या काकाच्या हातात. मुटका मारण्याची पाळी नंतर येई. आता त्या विहिरींची जागा अनेक ठिकाणी शेततळ्यांनी घेतली आहे. त्यांचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पडलेल्याला, तो पोहणारा असला तरी, वर चढता येत नाही. शेततळे हे पोहणे शिकण्याचे ठिकाण नव्हे. धरणाचे पाणीही तलावासारखे नसते. तळ दिसत नाही, काठ एकदम खोल होतो, गाळात पाय रुततो. परवानगी, नाव आणि जाणकार सोबती यांवाचून तेथे उतरणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाताना डिंभ्याचा जलाशय लागतो. महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंनी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे प्राण दिले. हा जलाशय त्यांच्या नावाने ओळखला जातो. ज्या गावामुळे तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले, ते गाव याच पाण्याखाली गेले.

पूर्वी सायकलपटू येथे क्षणभर थांबून छायाचित्र घेत असे. पोहणे शिकल्यानंतर तो अधिक वेळ थांबतो. वारा कोठून येतो, लाट काठाला कशी लागते, हे न्याहाळतो. पावसाळी सहलीला आलेले एखादे कुटुंब डबे उघडून बसलेले असते आणि त्यांची मुले हसत पाण्याच्या कडेकडेला सरकत असतात. तेव्हा सायकल आडवी टाकून, हाका मारीत, सर्वांत आधी धावत जातो तो हाच. पाण्याचे बळ त्याने अंगावर झेललेले असते.