कान तुटलेला कप आणि खो-खोचा केक

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमची धाकटी आठवीत शिकते. तिच्या शाळेच्या मुलींच्या संघाने खो-खोचा अंतिम सामना जिंकला. शनिवारी मैदानावर छोटासा कार्यक्रम ठरला आणि प्रत्येकीने घरून थोडा खाऊ आणावा, असे बाईंनी सांगितले. कोणी चिवडा म्हणाली, कोणी लाडू. आमच्या कन्येने मला न विचारताच जाहीर करून टाकले, "माझी आई कपकेक करील. खेळाचे!"

मी शिवणकाम करणारी बाई. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मुकुंदवाडीला आमचे दोन खोल्यांचे घर. आमचे हे चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला. घरात ओव्हन नाही. पण पोरीने शब्द दिला होता, तो मोडायचा कसा?

कपकेक म्हणजे काही मोठे गूढ नाही. वाटीएवढा केक. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या एका पाककृतीच्या पुस्तकातसुद्धा लहान कपांत भाजायच्या केकचा उल्लेख आहे. आमच्याकडे कपांऐवजी स्टीलच्या वाट्या. दीड वाटी मैदा, एक वाटी दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. एवढ्यात दहाएक होतात, म्हणून सगळे दुप्पट घेतले. कुकरच्या तळाशी मीठ पसरले, शिट्टी आणि रिंग काढून झाकण लावले, दहा मिनिटे तापू दिला. मग आत जाळी ठेवून वर वाट्या. वाटी पाऊण भरायची, जास्त नाही. पहिल्या घाण्याला गॅस मोठा राहिला आणि केक वरून तडकले. ते घरातच खाल्ले. पुढचे घाणे बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवले, ते छान फुलले.

अंडे घालू नका, काही मुली खात नाहीत, असे बाईंनी आधीच कळवले होते. त्यात वावगे काही नाही. पण खरे सांगते, माझ्या मनात आले, बरे झाले. आता नको म्हणायला कोणाला कारण उरणार नाही. असे का मनात आले, ते पुढे सांगते.

सजावटीचे सामान आणायला आम्ही मायलेकी शहागंजात गेलो. केकवर खोचायच्या प्लास्टिकच्या बॅटी होत्या, चेंडू होते, फुटबॉल होते. "खो-खोचे काही नाही का?" असे पोरीने विचारले तेव्हा दुकानदार हसला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही विश्वचषक भारताने जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. तरी दुकानात खो-खोचा खांब मिळत नाही! मग आम्ही ठरवले, मैदान घरीच तयार करायचे.

लोणी घोटून त्यात दुप्पट पिठीसाखर मिसळली. केक पुरता थंड झाल्यावरच ते वर लावायचे, नाहीतर वितळून ओघळते. थंडीचे दिवस म्हणून ते टिकले. आपल्याकडच्या मे महिन्यात हा खटाटोप करू नये. चित्रांत खेळाचे केक असतात त्यांवर हिरवेगार गवत असते. मी हिरवा रंग काढला तर पोर म्हणाली, "आई, आमचं मैदान हिरवं कुठंय?" खरेच होते. आपल्या पोरांची मैदाने मुरमाची. मग चॉकलेटची बिस्किटे कुटून त्यांचा भुगा वर पसरला, झाला मुरूम. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा मेंदीसारखा कोन केला, पिठीसाखर दोन चमचे दुधात कालवून भरली आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. बसलेल्या खेळाडूचे अंग म्हणजे शंकरपाळी, डोके म्हणजे अर्धी चेरी. बेकरीची ही स्वस्तातली लाल चेरी बहुतेक वेळा पाकात मुरवलेले करवंद असते, हे मला दुकानातच कळले. दोन केकवर वेफरची कांडी उभी केली, ते दोन टोकांचे खांब.

ताटात मधोमध आठ केक एका ओळीत मांडले. खो-खोत पाठलाग करणारे नऊ. आठ बसलेले, एक धावणारा. बसलेल्यांची तोंडे आलटून पालटून विरुद्ध दिशांना. म्हणून एका शंकरपाळीच्या पाठीवर आकडा या बाजूने, पुढचीच्या पाठीवर त्या बाजूने. आकडे पोर काढत होती. मी एकेक पाठ बोटाने धरून बसवत होते आणि एकाएकी माझा हात थांबला.

मीसुद्धा खो-खो खेळले आहे. पैठण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत. साल १९९६. सूर मारून गडी टिपण्यात माझा हात कोणी धरत नसे. त्या वर्षी आम्ही सामना जिंकलो आणि गावातल्या एका मोठ्या घरी सगळ्या संघाला चहाला बोलावले. इतर मुली ओसरीवर बसल्या. आम्हा बौद्धवाड्यातल्या दोघींना खाली पायरीवर बसायला सांगितले. त्यांना कपबशी. आम्हाला गोठ्याच्या कोनाड्यातले दोन कप. माझ्या कपाचा कान तुटलेला होता. चहा प्यायल्यावर तो विसळून परत कोनाड्यात ठेवायचा होता. मी ठेवला.

पुढे मोठी झाल्यावर पळवणकर बाळू यांच्याविषयी वाचले. चर्मकार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखत. हिंदूंच्या संघाला ते जिंकण्यासाठी हवे होते. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा आणि जेवायला वेगळी जागा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरुणपणी बाबासाहेबांनाही त्यांचे मोठे कौतुक होते. पुढे राजकारणात वाटा वेगळ्या झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत दोघे समोरासमोर उभे राहिले, तो भाग निराळा. संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. हे वाचले तेव्हा मला माझा कप आठवला होता. पण ती गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती.

शनिवारी डबा घेऊन मी स्वतः मैदानावर गेले. सामान फार, हे एक निमित्त. खरे म्हणजे मला पाहायचे होते.

डबा उघडला आणि पोरी तुटून पडल्या. मुरमाने भरलेले हात तसेच आत. "खांब मला, खांब मला!" म्हणून दोघींची ओढाताण. कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही. बाईंनी एक केक तिथेच खाल्ला आणि कुकरमध्ये कसा केला ते विचारून घेतले. एका मुलीच्या आईने मात्र केक कागदात गुंडाळला. "आज उपवास आहे, घरी नेते," म्हणाली. असेलही उपवास. मी खोलात गेले नाही. पण माझी नजर सारखी त्या डब्यावर होती, आणि माझ्या लेकीची नजर खांबावर. तिला तो डबा मोजावासा वाटला नाही, यातच मला सगळे मिळाले.

रात्री वाट्या घासताना मी तिला कपाची गोष्ट सांगितली. तिने विचारले, "मग तू तो चहा प्यायलीस?"

"प्याले."

"आणि कप विसळून ठेवलास?"

"ठेवला."

ती बराच वेळ वाटी पुसत राहिली. मग म्हणाली, "पण आई, खो देताना त्या तुझ्या पाठीला हात लावतच होत्या ना?"

तीस वर्षे हा प्रश्न माझ्या मनात होता. मला तो इतक्या सरळ विचारता आला नव्हता. पाठीला हात लावल्याशिवाय खो देताच येत नाही. जिंकण्यासाठी स्पर्श चालतो आणि चहाच्या कपाला चालत नाही, हा कुठला न्याय? शंभर वर्षांपूर्वी पळवणकर बाळूंच्या बाबतीत तेच झाले होते.

भगिनींनो, मुले मैदानावर जाऊ लागली आहेत, त्यांना खेळू द्या. जमेल तसा खाऊ आपल्या हातचा करून द्या आणि डबा मोकळ्या मनाने सर्वांपुढे उघडायला सांगा. मात्र आपल्या वाट्याला आलेले कप लपवून ठेवू नका. मी पोरीच्या मनाला लागेल म्हणून इतकी वर्षे गप्प राहिले. ती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर गेली. जाताना म्हणाली, "आई, पुढच्या वेळी खांब जास्त कर. भांडणं होतात."