दर्शनी भिंत आणि दालन

जुन्नरच्या दक्षिणेला मानमोडीच्या डोंगरात भूतलिंग लेण्यांच्या गटात एक चैत्यगृह आहे. त्याचा दर्शनी भाग पाहून पाय थबकतातच. मोठी कमान, कमानीत पाकळ्यांसारखे कोरलेले कप्पे, मधोमध लक्ष्मी आणि शेजारच्या पाकळ्यांत हत्ती. चंद नावाच्या एका यवनाने हे दान दिलं, असा ब्राह्मी लेख तिथं आहे. एवढी कारागिरी बघून उत्सुकतेनं आत जावं, तर दालन अर्धवट. स्तूप घडवायला घेतलेला दिसतो, पण कातळात मऊ थर लागला आणि आतलं काम राहून गेलं.

मी पुण्यात व्हिडिओ गेमसाठी जागा घडवतो. गल्ल्या, वाडे, देवळं, गुहा, रानं. हुद्दा एन्व्हायर्नमेंट आर्टिस्टचा. कोणत्याही गेमचा डेमो हातात आला की मी आधी एकच गोष्ट तपासतो : ही नुसती दर्शनी भिंत आहे, की आपण खरोखर दालनात उभे आहोत?

आमच्या धंद्यात डेमो दोन तऱ्हेनं होतो. एक तऱ्हा म्हणजे दाखवण्यासाठी वेगळा बांधलेला तुकडा. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, त्यात सगळी चमक ओतलेली, आणि मागे बाकीचा गेम अजून करड्या ठोकळ्यांतच उभा. याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. पैसे लावणाऱ्यांपुढे ठेवायला तो लागतोच, आणि त्यात लबाडी असतेच असंही नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’साठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, तेव्हा खेळता येईल असा डेमो लोकांपुढे ठेवला होता. वर्गणीचं उद्दिष्ट काही गाठलं गेलं नाही. तरी त्या मंडळींनी काम सोडलं नाही आणि 2020 मध्ये पूर्ण गेम बाजारात आणला. आपल्या शहरातल्या त्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे, कारण भिंत उभी करून दालनापर्यंत न पोचलेले किती प्रकल्प या धंद्यात विरून जातात ते मी जवळून बघितलंय.

दुसरी तऱ्हा अवघड. तयार गेमची खरीखुरी सुरुवात जशीच्या तशी लोकांच्या हाती द्यायची. इथं झाकायला काही उरत नाही.

‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर 2’चा डेमो या दुसऱ्या तऱ्हेचा आहे. स्क्वेअर एनिक्सचा हा जपानी रोल-प्लेइंग गेम. पहिला भाग 2018 मध्ये आला. दुसरा पूर्ण भाग 24 फेब्रुवारी 2023 ला यायचा होता आणि त्याआधी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डेमो आला. आठ प्रवाशांपैकी हवा तो निवडायचा आणि तीन तास खेळायचं. वेळ संपली की खेळ थांबतो, पण सेव्ह केलेलं सगळं पूर्ण गेममध्ये पुढं चालू राहतं. मिळवलेली तलवार, वाढवलेली ताकद, जोडलेले सोबती, काही वाया जात नाही.

या घराण्याला डेमोची परंपराच आहे. पहिल्या भागाचा पहिला डेमो सप्टेंबर 2017 मध्ये आला होता, त्यात दोनच पात्रं होती, आणि खेळणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. लोकांनी सांगितलं, चाल संथ आहे, बघितलेले प्रसंग ओलांडून पुढं जाता आलं पाहिजे. त्याप्रमाणे खरोखर बदल झाले. पळता येऊ लागलं, आणि पळालं तर शत्रू जास्त भेटतील असा तोलही ठेवला. मग जून 2018 चा डेमो तीन तासांचा आणि सेव्ह पुढं नेणारा होता. टीका सहन करणारे पुष्कळ असतात. तिच्यातून वस्तू घडवून दाखवणारे थोडे. म्हणून या मंडळींचा डेमो मी दार लावून, शांतपणे खेळतो.

या वेळी मात्र दार उघडं होतं. 18 तारखेला महाशिवरात्र, 19 ला शिवजयंती, दोन्ही शनिवार-रविवारी आलेले. मी जुन्नरला घरी होतो, शिवनेरीकडे जाणाऱ्या गर्दीनं रस्ते भरलेले, आणि शेजारी बारावीतला भाचा स्विच या गेमयंत्राकडे डोळे लावून बसलेला. पहिला भाग त्यानं पाहिलेलाही नाही. हे फार बरं झालं. मी जुना खेळाडू म्हणून काय बदललंय ते शोधत होतो. तो नवखा म्हणून काय चाललंय ते शोधत होतो. दुसऱ्या भागाच्या डेमोला या दोघांनाही एकाच दारातून आत घ्यावं लागतं.

मी थ्रोने निवडली. चोरांच्या टोळीतली पोरगी, न्यू डेल्स्टा नावाच्या शहरात राहणारी. पहिल्या भागातला खंड सोडून आता सोलिस्टिया नावाचा नवा मुलुख घेतलाय, आणि काळही पुढं सरकलाय : वाफेची यंत्रं, जहाजं, दिव्यांनी उजळलेले रस्ते. माणसं मात्र पूर्वीसारखीच चपट्या पिक्सेल चित्रांची आणि जग त्रिमितीतलं, लांबचं-जवळचं जरा धूसर केलेलं. या शैलीला ते एचडी-टूडी म्हणतात. लढाईही ओळखीची. शत्रूच्या ढालीवर आकडा असतो, त्याचं कच्चं अंग शोधून वार केले की आकडा शून्यावर येतो आणि शत्रू कोलमडतो. तोवर ताकद साठवायची आणि नेमक्या वेळी उधळायची. पाच मिनिटांत माझी बोटं जुन्या सवयीवर आली.

आणि मग ते बटण.

भर दुपारी चौकात उभं राहून एक बटण दाबलं की रात्र होते. आकाश उतरतं, खांबांवरचे दिवे लागतात, सावल्यांच्या दिशा बदलतात. यासुनोरी निशिकी यांचं संगीत कुठंही न तुटता त्याच चालीवर राहून हळू होतं. चौकातली माणसं जागा बदलतात. दुपारी होती ती बाई दिसत नाही, भलताच कुणी भिंतीला टेकून उभा असतो. दिवसा थ्रोने लोकांचे खिसे कापते; रात्री दार अडवून बसलेल्याला मागून गाठून बेशुद्ध करते, आणि ते दार मोकळं होतं. प्रत्येक प्रवाशाला दिवसाची एक आणि रात्रीची एक अशी कला दिलेली आहे. वैद्य कास्टी दिवसा विचारपूस करून माहिती काढते, रात्री औषधानं झोपवते. टेमेनोस हा धर्मगुरू रात्री वेगळाच कठोर होतो. रात्री रानातले शत्रू भारी पडतात, पण थ्रोनेचं बळ अंधारातच वाढतं. म्हणजे बाहेर पडताना कोणती वेळ घ्यायची याचाही विचार करावा लागतो.

मी बराच वेळ पुढं गेलोच नाही. एकाच चौकात दिवस-रात्र करत बसलो आणि दिवे बघत राहिलो. एका खांबाखालच्या फरशीवर रात्री पिवळं वर्तुळ पडतं आणि थ्रोने त्यातून चालली की तिच्या चपट्या चित्रावरही तो पिवळा उजेड चढून उतरतो. माझ्या कामातला माणूस हे बघून कष्ट मोजतो. पुष्कळ गेममध्ये प्रकाश आधीच हिशेब करून भिंती-जमिनीवर छापून टाकलेला असतो. एकदा छापला की वेळ बदलता येत नाही. इथं उघड्यावरची प्रत्येक जागा दोनदा उजळलेली आहे, प्रत्येक गल्लीत माणसं दोनदा मांडलेली आहेत, आणि दोन्ही मांडण्या एका बटणावर, वाट बघायला न लावता बदलायच्या आहेत. नवा मुलुख, नवी शहरं, नवी पात्रं यांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं. नव्या गोष्टींची भर कुणीही घालतं. एकच बदल शोधायचा आणि त्यानं जुन्या सगळ्या गोष्टी हलल्या पाहिजेत, याला नजर हवी.

ही नजर मला कुठं पहिल्यांदा कळली ते सांगतो. लेण्याद्रीच्या 283 पायऱ्या चढून गेल्यावर आपण ज्या गिरिजात्मजाच्या दर्शनाला उभे राहतो, ते सातवं लेणं मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. दालन 17 मीटरहून लांब, 15 मीटरहून रुंद, आणि उंची साडेतीन मीटरही नाही. एवढ्या छताखाली एकसुद्धा खांब नाही. आमच्या गेममध्ये अशी जागा दिली तर खेळाडूच्या मागून चालणारा कॅमेरा छताला धडकेल, म्हणून आम्ही खोल्या खऱ्यापेक्षा उंच बांधतो. त्या उंचीत लेण्याद्रीचं ते वजन, डोक्यावरच्या डोंगराची जाणीव, निसटून जाते आणि मला ते कायम सलतं. दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा अशा वीस खोल्या. नंतरच्या लोकांनी मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांमधली आडभिंत काढली आणि तिथं गणपती आला. बाकीच्या खोल्या जागच्या जागी राहिल्या. ओसरीचे खांब तेच, दाराच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या त्याच. पण एक आडभिंत गेली आणि भिक्खूंचं निवासस्थान सभामंडप झालं. चतुर्थीला तिथं रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. तो आत येतो आणि त्याची नजर आपोआप मागच्या भिंतीच्या मधोमध जाते.

सांगावं न लागणं, हे भाच्याकडे बघताना मला पुन्हा पटलं. गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजीतले लांब संवाद वाचायला त्याला वेळ लागतो. त्यानं पार्टिशिओ हा व्यापारी निवडला, भाड्याखाली पिचलेल्या चांदीच्या खाणीच्या गावातला. संवाद मागं पडत होते, तरी तो अडला नाही. दिवसा लोकांकडून वस्तू विकत घेता येतात आणि रात्री माणसं कामाला ठेवता येतात, हे त्यानं बटण दाबून दाबून स्वतःच काढलं.

“मामा, हा म्हातारा दिवसा तिकडं होता ना? आता इकडं का बसलाय?” त्यानं विचारलं.

“तू सांग.”

“दुकान बंद झालंय त्याचं.”

बरोबर की चूक, ते महत्त्वाचं नाही. चार पिक्सेलांच्या म्हाताऱ्याला दुकान आहे, ते बंद होतं, त्याला घर आहे, असं त्याला वाटायला लागलं होतं. रोल-प्लेइंग गेमच्या जगाकडून मी एवढंच मागतो. भाच्याच्या घरातले मोठे टोमॅटोची गाडी नारायणगावच्या बाजारात नेतात, भाव ठरताना हा शेजारी उभा असतो. त्यामुळे घासाघीस करणारा नायक त्याला तलवार चालवणाऱ्या नायकापेक्षा जवळचा वाटला असावा.

एक शंका मात्र राहिली, आणि ती बारीक नाही. पहिल्या भागात आठ प्रवासी एकत्र चालायचे, पण एकाची गोष्ट चालू असताना बाकीचे सात जणू हजरच नसायचे. अनेकांनी ही तक्रार केली होती, माझीही होती. या वेळी दोन-दोन प्रवाशांच्या जोडगोष्टी असतील असं जाहीर झालं होतं. डेमोत त्याचा मागमूस लागत नाही, कारण तीन तासांत एकाची सुरुवात नीट होते, दुसरा-तिसरा सोबती मिळतो आणि घड्याळ संपतं. थ्रोनेच्या गळ्यातला विषारी पट्टा कास्टीसारख्या वैद्याच्या नजरेस पडला तर ती काही बोलेल का? मला ते बघायचं होतं. मी थ्रोनेला घेऊन कास्टी भेटते त्या गावाच्या वाटेला लागलो होतो आणि मध्येच वेळ संपली.

सेव्ह तिथंच राहिला, रस्त्यावर, रात्रीचा. भाच्याचा त्याच्या खाणीच्या गावात. 24 तारखेला शुक्रवार होता. तो म्हणाला, मामा, पुण्याला मीच येतो, आधी पार्टिशिओ. मी म्हटलं, आधी कास्टी.